मंद उजेडातील छायाचित्रण : परवडणारी ‘फास्ट’ झूम लेन्स कशी निवडावी?

चतुर्थीची घुमट आरती, देवालयाच्या सभामंडपातील भजन, नाट्यस्पर्धेतील प्रयोग, चर्चमधील लग्नविधी : गोमंतकाच्या सांस्कृतिक जीवनातील कितीतरी मोलाचे क्षण छपराखाली आणि अपुऱ्या उजेडात घडतात. ते टिपण्यासाठी हौशी छायाचित्रकार कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स घेऊन उभा राहतो आणि नंतर संगणकावर पाहतो, तर घुमटावरचा हात पुसट, चेहऱ्यावर दाणेच दाणे आणि रंग विटलेले. फ्लॅश मारावा तर समईच्या उजेडाचा सारा भाव नाहीसा होतो. नाट्यगृहात तो चालत नाही आणि देवापुढे तो शोभत नाही. शिवाय हे क्षण छायाचित्रासाठी पुन्हा घडवून आणता येत नाहीत.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो नवा कॅमेरा घेण्याचा. बहुतेकांच्या बाबतीत तो खर्च चुकीच्या जागी होतो. अडचण सहसा कॅमेऱ्यात नसून त्याच्या तोंडाशी लावलेल्या लेन्समध्ये असते. दुसरा सल्ला मिळतो तो ‘फास्ट’ झूम लेन्सचा. तो योग्य आहे, पण मोठ्या कंपन्यांच्या व्यावसायिक लेन्सच्या किमती पाहून हौशी माणूस तेथेच थांबतो. या दोहोंच्या मधला, परवडणारा मार्ग उपलब्ध आहे. त्यासाठी नाममुद्रेकडे पाहण्याआधी तीन गोष्टी मोजाव्या लागतात : उजेड किती, अंतर किती आणि समोरची हालचाल किती. या तीन मापांवरूनच कोणती लेन्स घ्यावी हे ठरते.

‘फास्ट’ म्हणजे नेमके काय?

लेन्सवर ‘एफ’ या अक्षरापुढे लिहिलेला आकडा तिच्या छिद्राचे, म्हणजे ॲपर्चरचे माप सांगतो. लेन्सच्या नाभीय अंतराला, म्हणजेच फोकल लेंग्थला, छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. त्यामुळे आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि आत येणारा प्रकाश अधिक. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ या क्रमातील प्रत्येक पुढच्या पायरीवर प्रकाश निम्म्याने घटतो. या पायरीला छायाचित्रकार ‘स्टॉप’ म्हणतात. मोठ्या छिद्राच्या लेन्सने शटर अधिक वेगाने उघडझाप करता येते, म्हणून तिला ‘फास्ट’ म्हणण्याची प्रथा पडली.

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी लेन्सवर बहुधा एफ/३.५-५.६ असे लिहिलेले असते. याचा अर्थ १८ मिमीवर तिचे छिद्र एफ/३.५ इतके उघडते, पण ५५ मिमीपर्यंत झूम करत जाताना ते एफ/५.६ पर्यंत आकसते. ज्या क्षणी चेहरा जवळ घ्यावासा वाटतो, नेमका त्याच क्षणी प्रकाश कमी पडतो. एफ/२.८ ची स्थिर छिद्राची झूम लेन्स मात्र साऱ्या पल्ल्यात एफ/२.८ वरच राहते. ५५ मिमीच्या टोकाला ती साध्या लेन्सच्या चौपट प्रकाश आत घेते. ५५ मिमीला एफ/५.६ साठी सुमारे १० मिमी व्यासाचे छिद्र पुरते, तर एफ/२.८ साठी जवळपास २० मिमी लागते. २०० मिमीच्या लेन्सला एफ/२.८ हवे असेल तर हाच व्यास ७१ मिमीवर जातो. मोठ्या पल्ल्याच्या फास्ट लेन्स जड आणि महाग का असतात, त्याचे उत्तर याच हिशेबात आहे.

घुमटाच्या हाताचा हिशेब

दिवे लागलेली, पण झगझगीत नसलेली एखादी खोली घेऊ. तेथे सुमारे ८० लक्स इतका उजेड आहे असे धरले आणि कॅमेऱ्याचा आयएसओ ३२०० ठेवला, तर शटरचा वेग साधारण असा मिळतो :

एफ/५.६ : १/३० सेकंद
एफ/४ : १/६० सेकंद
एफ/२.८ : १/१२५ सेकंद
एफ/१.८ : १/३२० सेकंद

आता हालचालीकडे पाहू. बसून भजन म्हणणाऱ्याचा चेहरा १/६० ते १/१०० सेकंदात नीट येतो. रंगमंचावर उभ्याने संवाद म्हणणाऱ्या नटासाठी १/१२५ हवे, चालणाऱ्यासाठी १/२५०. घुमटावर पडणारा हात किंवा फुगडीचा फेर गोठवायचा तर १/२५० च्याही पुढे जावे लागते. कॅमेऱ्यासोबतच्या लेन्सने ५५ मिमीवर १/२५० मिळवायचे झाल्यास आयएसओ ३२०० वरून २५,६०० वर न्यावा लागेल. हौशी वापरातील बहुतेक कॅमेऱ्यांत तेथे चित्राची रया जाते. एफ/२.८ लेन्सने तोच वेग आयएसओ ६४०० वर मिळतो. दाणे दिसतील, पण चित्र छापण्याजोगे राहील. दोन स्टॉपांचे मोल नेमके इतके आहे : चित्र टाकून द्यायचे की घरच्या संग्रहात ठेवायचे, हे त्यावर ठरते.

आपल्याला लागणारा वेग किती, हे कळण्यासाठी नवी लेन्स घ्यावी लागत नाही. आपल्या नेहमीच्या जागी जाऊन हातातल्या कॅमेऱ्याने आयएसओ ३२०० वर एक चित्र घ्यावे आणि त्यात आलेला शटरचा वेग व छिद्र पाहावे. वरच्या पायऱ्यांवरून एफ/२.८ किंवा एफ/१.८ वर काय मिळेल, हे कागदावरच काढता येते.

आधी खोली मोजा, मग लेन्स

प्रकाशाइतकाच अंतराचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि खरेदीत सर्वाधिक फसगत येथेच होते. कॅमेऱ्यांचे सेन्सर एकाच मापाचे नसतात. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो, तर हौशी कॅमेऱ्यांतील एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मिमीचा असतो. कॅननचा तर त्याहूनही किंचित लहान. लहान सेन्सरवर तीच लेन्स अधिक अरुंद दृश्य दाखवते.

उदाहरण घेऊ. माटोळीपासून ३ मीटरवर भिंतीला पाठ लावून उभे राहिल्यास एपीएस-सी कॅमेऱ्यावर १८ मिमीची लेन्स सुमारे ३.९ मीटर रुंदीचे दृश्य घेते. म्हणजे माटोळी, मखर आणि दोन्ही बाजूंची माणसे त्यात मावतात. २८ मिमीपासून सुरू होणारी लेन्स त्याच जागेवरून जेमतेम २.५ मीटर घेते. २८-७५ मिमी एफ/२.८ ही लोकप्रिय लेन्स स्वस्तात मिळते म्हणून एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी घेतली, तर घरात मागे सरकायला जागाच उरत नाही. ती मुळात फुल फ्रेमसाठी घडवलेली आहे. एपीएस-सी कॅमेऱ्याची घरगुती वापराची झूम १६, १७ किंवा १८ मिमीपासूनच सुरू व्हायला हवी.

नाट्यगृहात प्रश्न उलटा होतो. पणजीतील कला अकादमी असो, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर असो की मडगावचे रवींद्र भवन, छायाचित्रकाराला कुठे बसायला मिळते यावर सारे अवलंबून असते. नटापासून ५ मीटरवर, म्हणजे पुढच्या रांगेत जागा मिळाली, तर एपीएस-सी कॅमेरा उभा धरून ५० मिमीवर सुमारे २.३५ मीटर उंचीची चौकट मिळते. एक नट नखशिखान्त तीत बसतो. १५ मीटरवरच्या रांगेतून ७० मिमीवर हीच चौकट ५ मीटर उंच होते आणि नट त्यात हरवून जातो. तेथून एकच पात्र भरून घ्यायचे तर २०० मिमी लागते. म्हणून ज्याला पुढे बसण्याची परवानगी मिळू शकते, त्याने आधी ती मिळवावी. आयोजकांना दोन दिवस आधी भेटून, शटरचा आवाज होणार नाही असा शब्द देऊन मिळवलेली पुढची जागा ७०-२०० मिमीच्या लेन्सचा खर्च वाचवते.

कोणत्या कॅमेऱ्याला कोणती लेन्स?

भारतातील किमती करांनुसार, डॉलरच्या दरानुसार आणि सणासुदीच्या सवलतींनुसार बदलत राहतात. म्हणून खाली लेन्स जाहीर झाली त्या वेळची अमेरिकेतील किंमत दिली आहे. कोणती लेन्स कोणापेक्षा किती महाग, हे प्रमाण त्यावरून नीट कळते.

सोनी, फुजी आणि कॅननचे एपीएस-सी मिररलेस कॅमेरे : आज परवडणाऱ्या फास्ट झूममध्ये पहिले नाव सिग्माच्या १८-५० मिमी एफ/२.८ डीसी डीएन या लेन्सचे घ्यावे लागते. ती २०२१ मध्ये सोनी ई आणि एल माउंटसाठी आली, पुढच्या वर्षी फुजीसाठी आणि २०२४ मध्ये कॅनन आरएफसाठी उपलब्ध झाली. वजन सुमारे २९० ग्रॅम, किंमत ५४९ डॉलर. सोनीची स्वतःची १६-५५ मिमी एफ/२.८ जी लेन्स २०१९ मध्ये सुमारे १,४०० डॉलरला आली होती. सिग्माच्या लेन्समध्ये कंपन रोखणारी यंत्रणा नाही, हा तिचा उणेपणा. टॅमरॉनची १७-७० मिमी एफ/२.८ (सोनी ई, २०२२ पासून फुजी एक्स) ७९९ डॉलरला जाहीर झाली. तीत कंपनरोधक यंत्रणा आहे आणि पल्लाही लांब आहे, मात्र वजन ५२५ ग्रॅम. घर आणि नाट्यगृह अशी दोन्हीकडे एकच लेन्स न्यायची असेल, तर टॅमरॉनचा लांब पल्ला उपयोगी पडतो. हलकेपणा आणि काटकसर हवी असेल, तर सिग्मा.

निकॉनचे एपीएस-सी मिररलेस कॅमेरे : येथे बराच काळ स्वस्त पर्यायांची वानवा होती. निकॉनने २०२५ मध्ये निकॉर झेड डीएक्स १६-५० मिमी एफ/२.८ व्हीआर ही लेन्स जाहीर केली. तीत कंपनरोधक यंत्रणा आहे. झेड ५०, झेड ३० आणि झेड एफसी या कॅमेऱ्यांच्या शरीरात अशी यंत्रणा नसल्याने तिचा उपयोग विशेष.

जुने डीएसएलआर : ज्यांच्याकडे कॅनन किंवा निकॉनचा डीएसएलआर आहे, त्यांना जुन्या बाजारासारखी संधी दुसरी नाही. अनेक छायाचित्रकार मिररलेसकडे वळल्याने चांगल्या लेन्स विक्रीला निघत आहेत. टॅमरॉनची १७-५० मिमी एफ/२.८ ही २००६ ची लेन्स ४३४ ग्रॅमची असून तिचे भिंग आजही धारदार मानले जाते. सिग्माची १७-५० मिमी एफ/२.८ ओएस एचएसएम ही २०१० ची लेन्स ५६५ ग्रॅमची आहे, पण तीत कंपनरोधक यंत्रणा आहे. कॅननवाल्यांसाठी ईएफ-एस १७-५५ मिमी एफ/२.८ आयएस यूएसएम ही ६४५ ग्रॅमची लेन्सही पाहण्याजोगी आहे. याहून अंधाऱ्या जागी काम करणाऱ्यांनी सिग्माच्या १८-३५ मिमी एफ/१.८ लेन्सचा विचार करावा. २०१३ मध्ये ती आली तेव्हा साऱ्या पल्ल्यात एफ/१.८ राखणारी डीएसएलआरसाठीची जगातील ती पहिली झूम होती. ती एफ/२.८ च्या जवळपास अडीचपट प्रकाश घेते. पण ८१० ग्रॅम वजन, आखूड पल्ला आणि कंपनरोधक यंत्रणेचा अभाव हे सारे तिच्यासोबत येते. तिचाच मिररलेस अवतार म्हणावा अशी १७-४० मिमी एफ/१.८ लेन्स सिग्माने २०२५ मध्ये ९१९ डॉलरला आणली.

फुल फ्रेम मिररलेस : सिग्माची २८-७० मिमी एफ/२.८ (४७० ग्रॅम) आणि टॅमरॉनची २८-७५ मिमी एफ/२.८ जी २ (५४० ग्रॅम) या दोन्ही २०२१ मध्ये ८९९ डॉलरला आल्या. सोनीची २४-७० मिमी एफ/२.८ जीएम २ पुढच्या वर्षी २,२९९ डॉलरला आली. यावरून अंतर लक्षात यावे. कॅननने २०२४ मध्ये आरएफ २८-७० मिमी एफ/२.८ आयएस एसटीएम ही ४९५ ग्रॅमची लेन्स १,०९९ डॉलरला आणून हा वर्ग आपल्या ग्राहकांसाठीही खुला केला. निकॉनची झेड २८-७५ मिमी एफ/२.८ याच जातकुळीतील. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सुमारे २.४ पट असल्याने, फुल फ्रेमवर एफ/४ लेन्सने मिळणारे चित्र दाण्यांच्या बाबतीत एपीएस-सीवरील एफ/२.८ च्या जवळ जाते. फुल फ्रेम कॅमेरा आधीच हाती असेल, तर एफ/४ ची जुनी झूम अगदीच त्याज्य नाही.

कंपनरोधक यंत्रणा काय करते, काय करत नाही

ही यंत्रणा छायाचित्रकाराच्या हाताची थरथर सावरते. समोरच्या माणसाची हालचाल ती थांबवू शकत नाही. रिकाम्या सभामंडपाचे कोरीव खांब, चर्चची वेदी, जुन्या घराचे राजांगण यांसाठी ती वरदान आहे. तेथे १/१० सेकंदातही हातात धरून चित्र घेता येते. घुमट वाजवणाऱ्याचा हात मात्र १/१० सेकंदात पुसटच येणार, यंत्रणा असो वा नसो. म्हणून ‘स्थिरीकरण आहे, मग एफ/५.६ चालेल’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद माणसांच्या छायाचित्रांना लागू पडत नाही. लेन्स घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्याच्या शरीरात ही यंत्रणा आहे का, हेही पाहावे. सोनी ए ६७०० किंवा फुजी एक्स-एस २० मध्ये ती आहे. सोनी ए ६४०० किंवा कॅनन आर ५० मध्ये नाही.

कोणाला ही लेन्स नको?

प्रत्येक मंद उजेडाला फास्ट झूम हेच उत्तर नसते. सुरतहून हजिऱ्याकडे जाताना लागणारे इच्छापोर हिरे आणि दागिन्यांच्या उद्योगवसाहतीसाठी ओळखले जाते. दागिन्यांच्या सूचीसाठी अंगठीचे छायाचित्र घ्यायचे झाल्यास कॅमेरा तिपाईवर असतो, वस्तू जागची हलत नाही आणि दिवे हवे तसे मांडता येतात. तेथे शटर एक सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही. उलट अंगठी पुढून मागून स्पष्ट दिसावी म्हणून छिद्र एफ/११ पर्यंत लहान करावे लागते. अशा कामाला एफ/२.८ चा काही उपयोग नाही. तेथे मॅक्रो लेन्स, तिपाई आणि दिवे हीच खरी गुंतवणूक. म्हापशातला सराफ असो की काजूच्या डब्यांची छायाचित्रे हवी असणारा व्यापारी, त्यांनाही हाच नियम लागू. त्याच सुरतेत खानदेशातून जाऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या घरी गणपती बसतो, तेव्हा मात्र प्रश्न पुन्हा आपल्यासारखाच होतो : लहान खोली, हलती माणसे आणि हाती उरलेला तेवढाच उजेड.

ज्यांचे अंदाजपत्रक अगदीच आखूड आहे, त्यांनी झूमचा मोह तूर्त बाजूला ठेवून एकाच नाभीय अंतराची, म्हणजे प्राइम लेन्स घ्यावी. निकॉनची डीएक्स ३५ मिमी एफ/१.८ जी किंवा कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम या लेन्स फास्ट झूमच्या तुलनेत अत्यल्प किमतीत मिळतात. झूम करायचे ते पायांनी. मात्र गर्दीच्या आरतीत किंवा लग्नविधीत पायांना वाट मिळत नाही, ही त्यांची मर्यादा.

एक सावधगिरी येथेच नोंदवायला हवी. मोठ्या छिद्राने स्पष्टतेची खोली कमी होते. एपीएस-सीवर ५० मिमी, एफ/२.८ आणि ३ मीटर अंतर असता स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण ४० सेंटीमीटरचा असतो. आरतीला उभ्या असलेल्या दोन रांगांपैकी एकच त्यात स्पष्ट येईल. समूहचित्राला म्हणून थोडे मागे जाऊन रुंद कोन घ्यावा आणि छिद्र एफ/४ पर्यंत आणावे.

जुनी लेन्स पारखताना

गोव्यात सरासरी वार्षिक पाऊस सुमारे ३,००० मिलिमीटर पडतो आणि समुद्रकाठची हवा वर्षातील बराच काळ दमट असते. लेन्सच्या आतील भिंगावर बुरशी धरण्यास याहून अनुकूल हवामान शोधून सापडायचे नाही. जुनी लेन्स घेताना दोन्ही बाजूंची झाकणे काढून, छिद्र पूर्ण उघडून, मागून मोबाइलचा दिवा धरून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा दुधाळ पडदा दिसला, तर किंमत कितीही कमी असो, लेन्स परत द्यावी. बारीक धुळीचे दोनचार कण मात्र चित्रात दिसत नाहीत. त्यावरून लेन्स नाकारू नये, भाव थोडा उतरवून मागावा.

यानंतर लेन्स आपल्याच कॅमेऱ्याला लावून पाहावी. भिंतीवर टेपने चिकटवलेल्या वर्तमानपत्राचे, कॅमेरा भिंतीला समांतर धरून, एफ/२.८ वर चित्र घ्यावे. चारही कोपऱ्यांतील अक्षरे साधारण सारखी दिसली पाहिजेत. एकच बाजू पुसट असेल, तर आतील एखादे भिंग जागचे सरकलेले असते. झूमचे वलय अडखळत नाही ना, ऑटोफोकस एकाच जागी पुन्हा पुन्हा बरोबर लागतो ना, माउंटचा धातू झिजलेला नाही ना, हेही पाहावे.

निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतील कॅमेऱ्यांच्या शरीरात फोकसची मोटर नसते. टॅमरॉन १७-५० ची सुरुवातीची निकॉन आवृत्ती मोटरविना होती, तर नंतरची मोटरसह आली. पहिली आवृत्ती या कॅमेऱ्यांवर केवळ हाताने फोकस करता येते. निकॉनच्या झेड कॅमेऱ्यांना एफटीझेड अडॅप्टर लावला तरी हीच अडचण राहते. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स मात्र अडॅप्टरने आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससह चालतात. नवी लेन्स घेताना भारतातील हमीपत्र आणि पक्के बिल मागावे. त्याविना मिळणारी सवलत दुरुस्तीच्या पहिल्याच फेरीत संपते.

जपणूक आणि वापर

लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कपाटात ठेवणे, हा तिला बुरशी लावण्याचा खात्रीचा मार्ग. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहान आर्द्रतामापक एवढ्यावर काम भागते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावी. जेल ओलावले की वाळवून पुन्हा ठेवावे. वातानुकूलित सभागृहातून पावसाळी हवेत येताना कॅमेरा अर्धा तास पिशवीतच बंद ठेवावा, म्हणजे भिंगावर दव धरत नाही. आणि लेन्स वापरत राहावी. ऊन आणि वारा लागणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा गाठत नाही.

वापरताना तीन पथ्ये पाळली तर नव्या लेन्सचे चीज होते. पहिले, चित्र रॉ स्वरूपात घ्यावे. पिवळ्या बल्बचा आणि एलईडीचा मिश्र रंग नंतर सावरता येतो. दुसरे, रंगमंचावर मागे काळोख आणि चेहऱ्यावर झोत असतो, तेव्हा कॅमेरा काळोख उजळायला जातो आणि चेहरा पांढराफटक होतो. म्हणून एक ते दोन स्टॉप कमी प्रकाश द्यावा. तिसरे, आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मिररलेस कॅमेऱ्याच्या निःशब्द शटरने घेतलेल्या चित्रात आडवे पट्टे दिसू लागले, तर वेग १/१०० किंवा १/५० वर आणावा. हालचाल अधिक असेल, तर यांत्रिक शटर वापरावे.

निवडीचा क्रम

सारांश असा. प्रथम आपल्या संगणकावरील गेल्या वर्षभरातील घरातली आणि सभागृहातली चित्रे उघडावीत. प्रत्येक चित्रासोबत त्याचे नाभीय अंतर, छिद्र आणि शटरचा वेग नोंदलेला असतो. बहुतेक चित्रे १८ ते ३५ मिमीच्या दरम्यानची असतील, तर लांब पल्ल्यासाठी पैसे मोडण्याचे कारण नाही. साऱ्यांत ५५ मिमीचे टोकच वापरलेले दिसले, तर ७० मिमीपर्यंत जाणारी लेन्स पाहावी किंवा पुढची जागा मिळवावी. मग आपल्या कॅमेऱ्याचा माउंट आणि सेन्सर पाहून वरील यादीतील दोन नावे निवडावीत. शक्य असल्यास एखाद्या स्नेह्याकडून किंवा भाड्याने त्यातली एक आणून एका कार्यक्रमात वापरून पाहावी. खरेदीचा निर्णय त्यानंतर.

नाट्यस्पर्धांतील कितीतरी प्रयोग एकदाच होतात, आणि आरतीला बसणाऱ्या जुन्या मंडळींतले चेहरे दर चतुर्थीला थोडे थोडे कमी होत जातात. त्यांची स्पष्ट, खऱ्या रंगांतील छायाचित्रे उरावीत यासाठी लाखाची लेन्स लागत नाही. नीट मोजमाप करून घेतलेली साधी एफ/२.८ झूम आणि तिला कोरडे ठेवणारा एक डबा, एवढ्यात ते काम होते.